पाऊण मिनिटाची पाळी

कॅलमझू, मिशिगन
रविवार, २० एप्रिल २०२५

ती. आबाजी,
सप्रेम जय भीम.

मागच्या रविवारी फोन केला तेव्हा तुम्ही विचारलंत, "बर्फावर काहून खेळतात बाप्पा, जमीन नाही का तिकडं?" मी सांगायला सुरुवात केली तोवर मागे कोणीतरी डीजे लावून बघायला लागलं. चौदा एप्रिलची तयारी चालली होती, विहारापुढे मांडव पडला होता, बाबा कोणाला तरी ओरडून सांगत होते की पताका कमी पडल्या. इकडून मी ओरडत होते की आम्ही जिंकलो. तुम्हाला एवढंच ऐकू आलं की पोरगी रडून राहिली. आजीला सांगा, रडत होते हे खरं, पण काळजीचं काही नव्हतं. इथे शनिवारची रात्र होती, दहा वाजून गेले होते, आमच्या विद्यापीठाचा संघ अख्ख्या अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिला आला होता, आणि हे मला कोणाला तरी मराठीत सांगायचं होतं.

आज ईस्टर. सगळं बंद आहे, आमचा पायलट प्लँट, म्हणजे विद्यापीठातली प्रयोगाची छोटी कागद मिलसुद्धा. पुढच्या आठवड्यात परीक्षा, पण आजचा दिवस मी तुमच्यासाठी ठेवला आहे. पत्र मोठं होईल. बाबांना म्हणावं, घाईघाईत वाचू नका, आबाजी मध्ये काही विचारतील तर थांबा.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद नाहीतर आपला खडकीचा धनराज पिल्ले. इथे नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. मैदान दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद, कोपरे गोल केलेले. चहूबाजूंनी फळ्यांची भिंत, वर जाड काच. दोन्ही बाजूंचे पाच-पाच गडी आणि एक-एक गोलरक्षक. पायात पात्यांचे बूट, हातात लांब काठी. आणि चेंडू नाही, आबाजी. रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. तीन इंच रुंद, एक इंच जाड. मागच्या हिवाळ्यात सरावाच्या वेळी एक काचेवरून बाहेर आली आणि आमच्या रांगेत घरंगळली. मी उचलली तेव्हा दगडासारखी गार होती, कारण खेळायच्या आधी ती गोठवून ठेवतात. नाहीतर रबर उसळ्या खातं. वजन १७० ग्रॅमच्या आसपास, पण हातात घेतल्यावर जास्त वाटतं. कडेला बारीक चौकड्या कोरलेल्या आहेत, काठीला पकड मिळावी म्हणून. ती आता माझ्या टेबलावर आहे. जूनमध्ये येताना आणते, तुम्ही हातात घेऊन बघा. ही चकती अंगावर घ्यायला जी पोरं बर्फावर आडवी पडतात, त्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे. कबड्डीत कोपरा धरणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

कॅलमझू हे गाव आपल्या बल्लारशापेक्षा लहान आहे. वस्ती त्र्याहत्तर हजारांच्या घरात. एकेकाळी याला कागदाचं शहर म्हणत, नदीच्या काठाने मिल्सच मिल्स होत्या. आता बहुतेक बंद पडल्या, पण कागदाचं शिक्षण देणारं आमचं विद्यापीठ, वेस्टर्न मिशिगन, अजून इथेच आहे. म्हणून तर मी इथे आले. या पोरांचा संघ म्हणजे ब्रॉन्कोज. ब्रॉन्को म्हणजे न माणसाळलेला घोडा. रंग तपकिरी आणि सोनेरी. त्यांचं घर म्हणजे लॉसन अरीना, १९७४ सालचं, साडेतीन हजारांवर थोडी माणसं मावतात. बाहेरून बघाल तर मोठं गोदाम वाटेल. आतला विद्यार्थ्यांचा कोपरा मात्र देशभरात माहीत आहे. त्यांना लॉसनचे वेडे म्हणतात. ती पोरं अडीच तास बसत नाहीत. समोरच्या गोलरक्षकाला नाव घेऊन हाका मारतात, त्यातलं सगळं काही आजीला वाचून दाखवण्यासारखं नसतं. मी दुसऱ्या वर्षापासून त्याच कोपऱ्यात उभी राहते. हाका नाही मारत. पण उभी तिथेच राहते.

पहिल्यांदा गेले ती २०२३ च्या नोव्हेंबरात. माझी रूममेट मिशिगनच्या उत्तरेकडची, गोठलेल्या तळ्यावर चालायला शिकलेली. तिने ओढत नेलं. आत शिरल्यावर गार हवेचा एक वास येतो, ओलं रबर, लोखंड आणि लोण्यातले पॉपकॉर्न. पहिला अर्धा तास मला पक दिसलीच नाही. सगळे एका बाजूला बघतात, मी दुसरीकडे. मग मध्यंतर झालं आणि ती गाडी आली.

तिचं नाव झांबोनी. फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात १९४९ साली पहिली बनवली. हळूहळू फेऱ्या मारते. मागच्या बाजूला खालचं पातं बर्फाचा वरचा थर खरवडतं, त्याच्या मागून कापडाच्या पट्ट्यातून पाणी सुटतं. गरम पाणी, आबाजी! गरम पाण्याने वरचा थर जरा वितळतो, चिरा भरतात, आणि नवा थर जुन्याला एकजीव होऊन गोठतो. गाडीमागे जी ओली चकचकीत पट्टी उमटते, ती बघून मला आपल्या कागद मिलमधल्या मशीनचा वेट एंड, म्हणजे ओलं टोक, आठवला. वायरवर, म्हणजे सरकत्या जाळीवर, पल्प पसरतो, पाणी गळतं, आणि एका ठरावीक जागी चमक जाऊन कागद दिसायला लागतो. तुम्ही मला बोट दाखवून शिकवलं होतं, "इथं बघ, इथं पाण्याचा कागद होते." बर्फावरसुद्धा ती रेष दिसते. आधी आरसा, मग हळूहळू पांढरं. आजूबाजूचे लोक खायला उठले होते, मी उभी राहून ती रेष सरकताना बघत होते. त्या दिवशी खेळ कळला नाही, पण ही जागा आपली आहे असं वाटलं.

खेळ कळला तो पुढच्या महिन्यात, आणि तोही तुमच्यामुळे. रूममेट एकदा म्हणाली, पक कुठे आहे ते सोड, जरा वेळ बाकाकडे बघ. मी बाकाकडे बघायला लागले. बारा आघाडीचे, सहा बचावाचे, एवढी पोरं साधारण पाळीपाळीने खेळतात. एक गडी फळीवरून उडी मारून बर्फावर उतरतो, जीव तोडून धावतो, आणि पाऊण मिनिटात परत येतो. येतो तो तोंड उघडं टाकून. बाकावर बसतो, हेल्मेटच्या जाळीतून बाटलीने पाणी मारतो, नजर बर्फावरच. दोन-अडीच मिनिटांनी पुन्हा त्याची वेळ. या पाऊण मिनिटाला काय म्हणतात माहीत आहे? शिफ्ट. पाळीच, आबाजी. मिलमधलाच शब्द.

आणि यातली खरी गोष्ट ही की माणसं बदलताना खेळ थांबत नाही. पक चालूच असते. मिलमध्ये पाळी बदलायची तेव्हा मशीन कुठे थांबायची? दोन वाजता भोंगा व्हायचा, तुम्ही वायरपाशी उभे, बदली माणूस यायचा, चालत्या मशीनवर त्याच्या हातात काम द्यायचं आणि मगच डबा उचलायचा. हेही तसंच. जाणारा फळीपाशी पोचला की येणाऱ्याने उतरायचं. आधी उतरला तर माणसं जास्त झाली म्हणून दंड. उशिरा उतरला तर समोरचे मोकळे सुटतात. दुसऱ्या डावात गोलांच्या बाजू बदलतात, मग आपल्या गोलपासून आपला बाक लांब पडतो, आणि थकलेल्या पोरांना बदलायला जाताच येत नाही. सगळ्यात जास्त चुका तेव्हा होतात. अजून एक नियम आहे. घाबरून मधल्या रेषेच्या अलीकडून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावली, तर खेळ थांबवून ती परत तुमच्याच गोलसमोर आणतात, आणि तुम्हाला माणसं बदलू देत नाहीत. पळवाट काढलीत ना, आता त्याच दमल्या पायांनी खेळा. हा नियम मला फार न्यायाचा वाटतो.

दंडाचंही सांगते, तुम्हाला ते आवडेल. कोणाला पाडलं, काठी अडकवली की दोन मिनिटं पेटीत बसायचं. तोवर आपले चार, समोरचे पाच. आपल्या कबड्डीत बाद झालेला गडी आपण समोरचा मारला की जिवंत होतो. इथे उलटं आहे. समोरच्यांनी गोल केला की पेटीतला गडी लगेच बाहेर येतो. म्हणजे बिचाऱ्याची सुटका होते ती आपलं नुकसान झाल्यावर. पेटीतून बाहेर येतानाचा तो चेहरा जाळीमागेसुद्धा ओळखू येतो.

आता पोरांचं. आमच्या संघाला मोठमोठ्या कॉलेजांसारखं नाव नव्हतं. देशाच्या स्पर्धेत सोळा संघ घेतात, एकदा हरलात की घरी. २०२२ पर्यंत आमच्या संघाने या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. त्या वर्षी नॉर्थईस्टर्नला २-१ ने हरवलं तो पहिला. २०२३ साली बोस्टन युनिव्हर्सिटीने पहिल्याच सामन्यात ५-१ ने घरी पाठवलं. २०२४ साली मी इथे होते. सेंट लुइसच्या जवळ मॅरिलंड हाइट्सला, आमच्याच राज्यातल्या मिशिगन स्टेटशी, ५-४, तेही जादा वेळेत. त्या रात्री आम्ही सात-आठ जणी एका खोलीत टीव्हीपुढे होतो. गोल झाला आणि कोणी काही बोललं नाही. रूममेटने उठून भांडी घासायला घेतली. मला तेव्हा जरा नवल वाटलं होतं की एका खेळाचं हिला एवढं लागावं. यंदा मला कळलं.

जादा वेळेचं नीट सांगायला हवं, कारण या वर्षीचं सगळं त्यातच आहे. एरवीच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीन-तीन गडी खेळवून निकाल लावायला बघतात. पण मोठ्या स्पर्धेत तसं नाही. पाच-पाच गडीच राहतात आणि पुन्हा वीस मिनिटांचा आख्खा डाव. ज्याचा गोल आधी, तो जिंकला, त्या क्षणी सगळं संपलं. नाही झाला तर अजून वीस मिनिटं. कितीही चालतं.

मार्चमध्ये आमच्या विभागाच्या स्पर्धेचा शेवटचा सामना डेन्व्हरशी पडला. डेन्व्हर म्हणजे या खेळातलं सगळ्यात मोठं घराणं, दहा वेळा देशात पहिले आलेले, आणि २०२४ चे विजेतेसुद्धा तेच. आमच्या पोरांनी त्यांना ४-३ ने हरवलं, जादा वेळेच्या दुसऱ्या डावात. मग देशाची स्पर्धा सुरू झाली, फार्गोला. पहिला सामना मिनेसोटा स्टेट, २-१, पुन्हा जादा वेळ. दुसरा मॅसॅच्युसेट्स, पुन्हा २-१, हा तेवढा साठ मिनिटांत. दर वेळी एका गोलाचं अंतर. माझी प्रयोगवही बघाल तर त्या दोन आठवड्यांतलं अक्षर वेगळंच आहे.

असे आम्ही शेवटच्या चारांत पोचलो. विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच. गाव सेंट लुइस, म्हणजे मागच्या वर्षी जिथून हात हलवत परतलो तोच भाग. आणि समोर पुन्हा डेन्व्हर.

१० एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी पाचला सामना. मी पायलट प्लँटमधून साडेचारला निघाले, हातांना अजून लगद्याचा वास होता. सेंट लुइस गाडीने सहा-सात तासांवर, जाणं शक्यच नव्हतं. रूममेटच्या मैत्रिणीकडे जमलो. मी थर्मासमधून आल्याचा चहा नेला होता, तो आता सगळ्यांना लागतो. दोन डाव झाले, आम्ही २-० ने पुढे. तिसऱ्या डावात डेन्व्हरने एक फेडला. मग शेवटची थोडी मिनिटं उरली असताना दुसरा. २-२. आबाजी, रील भरत आलेली असावी, पाळी संपायला दहा मिनिटं असावीत आणि कागद तुटावा, तसं झालं. तुम्ही सांगायचात ना, कागद तुटला की ओरडायचं नाही, आधी शेपूट लावायची, म्हणजे कागदाची पट्टी पुन्हा मशीनमधून ओढून घ्यायची, मग बोलायचं. मी ते मनात म्हणत होते. खरंच म्हणत होते.

त्यानंतरची वीस मिनिटं मी फक्त बाकाकडे बघितलं. टीव्हीवर तो अधूनमधूनच दिसतो, पण फळीवरून माणूस उतरताना तर दिसतो. डेन्व्हरच्या गोलमध्ये मॅट डेव्हिस होता, २०२४ च्या स्पर्धेत सगळ्यात चांगला म्हणून निवडलेला. आमच्याकडे हॅम्प्टन स्लुकिन्स्की, पहिल्या वर्षाचं पोरगं, कॅनडाच्या सीमेवरच्या वॉरोड नावाच्या लहान गावातलं. त्याचा भाऊ ग्रँट त्याच संघात पुढे खेळतो. एवढ्या वेळाने कोणाचेही पाय जड होतात. पण आमचे पॅट फर्शवाइलर गुरुजी, ते स्वतः याच विद्यापीठाकडून खेळलेले, त्यांनी आघाडीचे तीन-तीन पोरांचे चारी गट फिरवत ठेवले. मोठ्या नावाच्या पोरालाही पाऊण मिनिटाने परत बोलावलं, चौथ्या गटातल्या पोरालाही तेवढाच वेळ उतरवलं. ॲलेक्स बंप आमचा सगळ्यात जास्त गोल करणारा, फिलाडेल्फियाच्या मोठ्या संघाने आधीच निवडून ठेवलेला. तो येतो, बसतो, पाणी पितो, सरकून जागा करतो. कोणी फळीवर काठी आपटत नाही. कोणी "मला अजून थोडं राहू द्या" म्हणत रेंगाळत नाही. हे बघून माझ्या अंगावर काटा आला होता, गोल बघून आला त्याच्या आधी.

एक डाव गेला, काही नाही. मध्यंतर. झांबोनी फिरली. दुसरा डाव सुरू झाला, मी थर्मासचं झाकण फिरवत होते, आणि सगळी खोली उठून उभी राहिली. मला गोल दिसलाच नाही. सव्वीस सेकंद झाली होती, फक्त सव्वीस. मारला ओवेन मायकल्सने. डेट्रॉइटकडचं पोरगं, दुसऱ्या वर्षाचं, व्यावसायिक संघांच्या निवडीत ज्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. नंतर दहा वेळा दाखवलं तेव्हा बघितला. पण पहिल्यांदा मी जे बघितलं ते रूममेटचं तोंड. ती हसत नव्हती, रडतही नव्हती, दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसती उभी होती. मागच्या वर्षी भांडी घासायला गेलेली तीच पोरगी. मी तिला धरलं. चहा गालिच्यावर सांडला, तो डाग अजून आहे आणि घरवाली मैत्रीण म्हणते, राहू दे.

शनिवारी, १२ तारखेला, शेवटचा सामना. समोर बोस्टन युनिव्हर्सिटी. २०२३ साली आम्हाला ५-१ ने घरी पाठवणारे तेच. पाच वेळा देशात पहिले आलेले. म्हणजे बघा, ज्या भागात मागच्या वर्षी हरलो तिथेच, आणि ज्यांच्याकडून त्याच्या आदल्या वर्षी हरलो त्यांच्याशीच.

या सामन्याचं मी थोडक्यात सांगते, कारण यात धाकधूक कमी होती आणि समाधान जास्त. पहिल्या दोन मिनिटांतच आमचा गोल. त्यांनी बरोबरी केली. आम्ही पुढे गेलो, त्यांनी अंतर कमी केलं, दोन डाव संपले तेव्हा ३-२. मग तिसऱ्या डावात आमचे एकामागून एक तीन. ६-२. बोस्टनची पोरं फार गुणाची आहेत, उगाच कमी लेखणार नाही, पण शेवटच्या वीस मिनिटांत त्यांचे पाय संपले होते आणि आमचे होते. गुरुवारी ऐंशी मिनिटं खेळलेल्या पोरांचे!

एक हिशोब मी वहीत मांडून ठेवला आहे. सहा गोलांतले दोन मायकल्सचे, त्याला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं. बाकीचे चार गोल चार वेगळ्या पोरांचे. वायट शिंगथी, कोल क्रूसबर्ग-रोझीन, टाय हेन्रिक्स, आणि फिनलंडहून आलेला ईरो हक्काराइनेन. ही नावं इथल्यांनासुद्धा महिन्यापूर्वी फारशी माहीत नव्हती. हे मुद्दाम लिहिते, कारण परवापासून सगळीकडे सव्वीस सेकंदांचंच बोलणं चाललं आहे. मायकल्सचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तो सव्वीसाव्या सेकंदाला ताजा होता, कारण त्याच्या आधी ऐंशी मिनिटं अठरा जणांनी आपापली पाऊण मिनिटं पूर्ण दिली आणि वेळेवर जागा सोडली. मला या संघाबद्दल हेच सांगायचं आहे, आणि ते तुम्हालाच सांगायचं होतं. तुमच्या मिलच्या कबड्डी संघाचं कोणी विचारलं की सगळे त्या एका उंच चढाईवाल्याचं नाव घ्यायचे. तुम्ही काही बोलायचा नाहीत. आजी मात्र आतून म्हणायची, "आणि तो बाद झाला की समोरच्याला धरून त्याला परत आणणारा कोण होता?"

आमचं कॉलेज या आधी देशात पहिलं आलं होतं ते १९६४ आणि ६५ साली, रानातल्या लांब धावण्याच्या शर्यतीत. साठ वर्षं झाली. इथे एक म्हातारे प्राध्यापक आहेत, कागदाच्या रसायनांचे. सोमवारी वर्गात आले ते तपकिरी-सोनेरी गळपट्टा घालून. एरवी घड्याळ बघून शिकवणारा माणूस. फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले की आज जरा उशिरा सुरू करू. त्या दिवशी १४ एप्रिल होती. मी सकाळी उठून बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली होती, निळी ओढणी घेतली होती. रूममेटने विचारलं, आज काय आहे? मी सांगितलं. कोलंबिया विद्यापीठात शिकायला ते १९१३ साली आले, हेही सांगितलं. ती म्हणाली, मग दोन सण एकदम आले तुझ्याकडे. दुपारी आम्ही दोघी लॉसनवर चालत गेलो. दार बंद होतं. काचेतून आत बघितलं तर अंधार, आणि दारापाशी कोणीतरी लहान मुलाचा तपकिरी हातमोजा ठेवला होता, एकच, त्यावर चिकटवलेलं रंगीत कागदी डब्ल्यू, वेस्टर्नचं. पडलेला नव्हता, नीट ठेवलेला होता.

संघातली काही पोरं आता जाणार. कप्तान टिम पाच वर्षं इथे राहिला, आणि सामना संपल्यावर काही दिवसांतच अनाहाइमच्या व्यावसायिक संघात गेला. मला त्याचा आनंद आहे आणि थोडं वाईटही वाटतं. लॉसनसुद्धा फार दिवस राहणार नाही. गावाच्या मध्यभागी मोठं नवं सभागृह बांधून राहिले, मग सामने तिकडे होतील. चांगलं असेल, जास्त लोकांना बघता येईल. पण त्या गोदामातला वास आणि तो कोपरा तिकडे नेता येणार नाही. जूनमध्ये घरी येऊन परत आले की उरलेले सामने एकही सोडणार नाही, हे आजच लिहून ठेवते. अभ्यासाची काळजी करू नका, प्रबंधाचे दोन भाग लिहून झाले आहेत. बांबूच्या लगद्याचे नमुने चांगले आले. बाबांनी पाठवलेली जुनी माहिती फार कामाला आली, त्यांना सांगा.

तिकडे ऊन चौवेचाळीसवर गेल्याचं वाचलं. दुपारी बाहेर पडू नका, विहारात जायचं तर उतरत्या उन्हात जा. कूलरची टाकी भरायला दादाला सांगा, आजीने बादल्या उचलू नयेत. छोटीला म्हणावं तिच्यासाठी तपकिरी टोपी घेतली आहे, घोड्याच्या चित्राची.

आणि एक विचारायचं राहिलं. रूममेटला मी तुमच्या संघाचं सगळं सांगितलं, कागदावर मैदान काढून, कोण कुठे उभा राहायचा ते दाखवून. तिने विचारलं, तुझे आजोबा कोणता कोपरा धरायचे? बाबा म्हणतात डावा. आजी म्हणते उजवा, आणि ती शपथेवर सांगते. तुम्हीच काय ते कळवा, म्हणजे चित्रात तुमची जागा नक्की करते.

सर्वांना सप्रेम जय भीम. आजीच्या पाया पडते.

तुमची नात